शिवेवरून गेलेलं विमान

हिवरटाकळीच्या त्रिंबक पाटलांची ख्याती अशी, की तोंडातून शब्द गेला की गेला, परत घेणं नाही. निजामाच्या राज्यात केजच्या तहसिलीतून आज एक हुकूम निघे तर उद्या दुसरा, पण पाटलांचा शब्द कधी फिरत नसे, आणि गावाला याचा मोठा अभिमान होता. पाटलांच्या बायकोला, वच्छलाबाईंना, तो तितकासा नव्हता. "शब्द काय कुंकू हाय का, एकदा लावलं की मरस्तोवर पुसायचं न्हाई?" असं त्या म्हणायच्या. पण चुलीपाशी, आणि हळू.

त्या श्रावणात आसपासच्या गावांत पटकी शिरली. ओढ्यापलीकडच्या वस्तीवर चार दिवसांत सात माणसं गेली. बुधवारी हिवरटाकळीतला एक म्हातारा सकाळी उलट्या करायला लागला आणि दुपारपर्यंत आटोपला. तेव्हा जुन्या रिवाजाप्रमाणे गाव बांधायचं ठरलं. मरीआईचा भगत सटवा हळदीत बुडवलेला दोरा घेऊन सगळी शिव फिरला. बाहेर जाणाऱ्या पाचही वाटांवर त्यानं लिंबाच्या पाल्याची तोरणं बांधली आणि प्रत्येक तोरणाखाली नारळ फोडला. आता सात दिवस गावातलं माणूस शिवेबाहेर जाणार नाही आणि बाहेरचं आत येणार नाही. सात दिवस शिव अभंग राहिली की मरीआई बाहेरच्या बाहेर निघून जाते. मधेच कुणी ओलांडली तर बांधणी मोडते आणि पुन्हा पहिल्या दिवसापासून मोजायचं. शेतं शिवेच्या आतच होती, तेव्हा खुरपणी चालू राहिली. आठवडी बाजार तेवढा बुडाला. सात दिवसांचं काय एवढं, असंच सगळ्यांना वाटलं.

गुरुवारी खडकदेवळ्याच्या वाटेवरून हाळी आली. तोरणाच्या पलीकडे एक माणूस उभा होता आणि धोंडीरामला बोलवा म्हणत होता. धोंडीराम हा बैलांचा शौकीन गडी. त्याच्यासारखी पळणारी जोडी पंचक्रोशीत नव्हती. त्याची आई छबुबाई गावची सुईण. गावातली निम्मी पोरं तिच्याच हातावर जन्माला आलेली, पाटलांची एकुलती एक बायनासुद्धा. म्हातारी आठ दिवसांसाठी म्हणून खडकदेवळ्याला लेकीकडे गेली होती, ती तिथंच तापानं फणफणली, आणि धोंडीला बघायचं म्हणून तिनं ध्यास घेतला होता.

धोंडीराम चावडीवर पाटलांपुढे येऊन उभा राहिला.

"पाटील, पटकी न्हाई तिला. साधा ताप हाय. मी जातो, तोंड बघतो, अन् गाव सुटंस्तोवर शिवेबाहीरच ऱ्हातो. आत पाऊल टाकत न्हाई."

"बाहीर जायाचं न्हाई अन् आत यायाचं न्हाई. रिवाजात दोन्ही हाय," पाटील म्हणाले. "शिव म्हंजी शिव, धोंडीराम."

"मायचं तोंड हाय, पाटील."

"मला कळतंय. माजी माय असती तरी मी हेच बोललो असतो."

हे पाटील अगदी मनापासून बोलले. त्यांची आई वारून वीस वर्षं झाली होती, त्यामुळे बोलायला सोपंही गेलं.

शुक्रवारी सकाळी तोच माणूस पुन्हा आला. या वेळी त्यानं हाळी दिली नाही, नुसता उभा राहिला, आणि गाव काय ते समजलं. धोंडीरामनं तोरणाच्या अलीकडच्या विहिरीवर अंघोळ केली, डोई भादरून घेतली आणि खडकदेवळ्याच्या दिशेला बघत दिवसभर बांधावर बसून राहिला. चार कोसांवरचा धूर काही दिसत नाही. पण तो बसला, आणि त्याला उठवायला जायचं कुणाला धाडस झालं नाही. पाटील माळवदावरून त्याची पाठ बघत होते. त्यांना वाईट वाटलं. पण आपण चुकलो असं काही त्यांना वाटलं नाही.

शनिवारी सकाळी विमान आलं.

मुंबईहून हैदराबादेला टपाल नेणारं हे विमान तेव्हा नवंनवं होतं. आठवड्यातून एकदा, शनिवारी, लांब दक्षिणेला ते जाताना दिसे, तेही दिसलं तर ठिपक्याएवढं. त्या दिवशी दक्षिणेचं आभाळ काळ्या ढगांनी भरलं होतं, म्हणून त्यानं वाट वाकडी केली असावी. ते बरोबर हिवरटाकळीवरून गेलं. खाली इतकं, की पंखांखालची चाकं दिसली. मावळतीच्या तोरणावरून आत शिरलं, मारुतीच्या देवळावरून, पाटलांच्या माळवदावरून, आणि उगवतीच्या तोरणावरून बाहेर पडलं. गुरं उधळली, पोरं शेतातून ओरडत पळाली, म्हाताऱ्यांनी हात जोडले.

पोरांचा गलका थांबला तसा धोंडीराम चावडीवर आला. मदरशातले, म्हणजे गावच्या सरकारी शाळेतले, मास्तर आप्पाराव तिथंच बसले होते. गावात वर्तमानपत्र येई ते त्यांच्याकडे, आणि तेही पंधरा दिवसांचं शिळं.

"मास्तर, त्यात माणूस असतंय का?" धोंडीरामनं विचारलं.

"असतो की. चालवणारा एक तरी असणारच."

"गावातलं न्हाई ना?"

"गावातला कसा असेल? मुंबईचा असेल नाहीतर विलायतेचा."

मग धोंडीराम पाटलांकडे वळला. आवाज चढवायचा त्याचा स्वभाव नव्हता, आणि तो त्यानं आजही चढवला नाही. "पाटील, बाहीरचं माणूस या शिवेतून आत आलं अन् त्या शिवेतून बाहीर गेलं. समद्या गावानं बगितलं. शिव मोडली का न्हाई, तेवढं सांगा."

सटवा भगतानं पाटलांकडे बघितलं, कारण मरीआईचं काही बोलायचं झालं तरी गावात शेवटचा शब्द पाटलांचाच असे. पाटलांची गत इकडे आड तिकडे विहीर अशी झाली. मोडली नाही म्हणावं, तर एक परका शिवेतून आरपार गेला तरी चालतं आणि धोंडीरामला आईचं तोंड बघायला गेलेलं चालत नाही, असा अर्थ होई. मग परवाचा न्याय कसला? मोडली म्हणावं तर सगळ्या गावाचे चार दिवस पाण्यात. शेवटी त्यांना वाटलं की गेलेल्या म्हातारीचं आपण एवढं तरी देणं लागतो.

"मोडली," ते म्हणाले. "शिव म्हंजी शिव, खालून ओलांडा का वरून. सटवा, उद्या उजाडता पुन्हा बांध."

धोंडीरामनं मान डोलावली आणि तो निघून गेला. पाटलांना वाटलं, आपण त्याला न्याय दिला. निवाडा शिवेवरून शिवेवर हाळ्या देत चार दिवसांत दहा गावांत पोचला. लोक म्हणाले, हिवरटाकळीचा पाटील खरा, त्यानं आभाळालाही शिव लावली. हे कानावर आलं तेव्हा पाटलांनी त्या दिवशी पान जरा ऐटीत खाल्लं.

दुसरा आठवडा पहिल्यासारखा गेला नाही. मीठ संपलं. काडेपेट्या संपल्या, चूल पेटवायला बायका एकमेकींच्या घरून विस्तव नेऊ लागल्या. आणि मंगळवारी उंबरेवाडीच्या वाटेवर हाळी आली. या खेपेला पाटलांसाठी.

तोरणाच्या पलीकडे बायनाचा धाकटा दीर उभा होता. बायनाला उंबरेवाडीच्या उत्तरेश्वरांच्या घरी दिली होती, तिथून तीन कोसांवर. दोन वर्षांपूर्वी तिचं पहिलं बाळंतपण सासरीच झालं. उंबरेवाडीत धड सुईण नव्हती, पोर आडवं आलं, दोन रात्री बायना तळमळली, आणि मूल गेलं ते गेलंच. बायना कशीबशी वाचली. तेव्हाच वच्छलाबाईंनी शपथ घेतली होती की पुढचं बाळंतपण माहेरी, छबुबाईच्या हातून, मग जग इकडचं तिकडं होवो. आता बायनाला सातवा सरत आला होता.

"मामा, मूळ कवा येनार?" दिरानं तोंडाशी हात धरून विचारलं. "पोळा झाला की वहिनीला आठवा लागतोय. मंग आई पाठवायची न्हाई."

रिवाज सगळ्यांनाच ठाऊक होता. माहेरचं माणूस गाडी घेऊन मूळ म्हणून आल्याशिवाय सून सासरचा उंबरा ओलांडत नाही. आणि आठवा लागल्यावर तिनं शिव ओलांडायची नाही, मूळ येवो नाहीतर न येवो. पोळा पुढच्या सोमवारच्या पुढच्या सोमवारी होता.

"येतो म्हणावं. रविवारी गाव सुटतंय," पाटील ओरडले. "कशी हाय बायना?"

"पाय सुजलेत. बाकी बरी हाय. अन् ती म्हनली, छबुमायला सांगून ठेवा. तेल कडवून ठेव म्हनली."

पोटुशी बाईला मेल्याची बातमी सांगत नाहीत. "सांगतो," ते म्हणाले. घरी येऊन त्यांनी हे वच्छलाबाईंना सांगितलं. वच्छलाबाई भाकरी थापत होत्या, त्यांनी वर बघितलं नाही. "छबु गेली, पन मी तर हाय," त्या म्हणाल्या. "इथं केजची सुईन बोलावता यील. मी उशाशी बसंन. तिथं माज्या लेकीचं कोन हाय? तुमी फकस्त तिला आना."

शनिवार आला. सातवा दिवस. फक्त रविवारचं उजाडणं राहिलं होतं. पाटलांनी गाडीला वंगण घालून ठेवलं होतं, आत गवत पसरून त्यावर गोधडी टाकली होती. दिवस कासराभर वर आला आणि मावळतीकडून आवाज यायला लागला. पाटलांनी हातातली वंगणाची नळी खाली ठेवली. ढग आजही दक्षिणेलाच होते. विमान आजही वाट वाकडी करून आलं, मावळतीच्या तोरणावरून आत, उगवतीच्या तोरणावरून बाहेर.

गाव आपोआप चावडीपुढे जमलं. धोंडीरामही एका बाजूला उभा होता, पाटलांकडे बघत. त्या नजरेत राग असता तर पाटलांना बरं वाटलं असतं. त्यांच्या जिभेवर दुसरा शब्द आला होता, अगदी ओठांपर्यंत. पण आठवड्यापूर्वीचा शब्द आडवा बसला होता.

"मोडली," ते म्हणाले, आणि घरी जाऊन माजघरात भिंतीकडे तोंड करून पडले.

आप्पाराव मास्तर त्यांच्या मागोमाग आले. हातात तेच शिळं वर्तमानपत्र होतं. "पाटील, उठा. हा गणिताचा मामला आहे, देवीचा नाही," ते म्हणाले. "विमान सात दिवसांनी येतं आणि तुमची बांधणीही सात दिवसांची. उद्या उजाडता बांधलीत तर सातवा दिवस पुन्हा शनिवारीच येणार. असं करत राहिलात तर हे गाव निजाम सरकार असेतोवर सुटत नाही."

पाटील उठून बसले. मास्तरांनी जमिनीवर बोटानं रेघ ओढली. "ही मुंबई, हे हैदराबाद. सरळ रेषेत चारशे मैल, म्हणजे आपले दोनशे कोस. विमान चार तासांत जातं. तासाला पन्नास कोस. आपण साधारण मधोमध, शंभर कोसांवर. म्हणजे मुंबईहून उजाडता सुटलं की आपल्या डोक्यावर यायला दोन तास."

"मंग?"

"मग त्या दोन तासांत सगळं आहे. बांधणी उद्यावर ढकलू नका, आत्ताच बांधा. विमान तर जाऊन चुकलं. आज शनिवार पहिला दिवस धरा. सातवा येतो शुक्रवारी. पुढच्या शनिवारी सूर्य उगवला की गाव सुटलं, आणि विमान तेव्हा मुंबईत नुकतं जमीन सोडत असेल."

पाटलांनी रेघेवर बोट ठेवलं. "उंबरेवाडी तीन कोस," ते म्हणाले. "विमानाला किती लागंल?"

मास्तरांनी मनात भागाकार केला. "साडेतीन मिनिटं."

त्या दुपारी सटव्यानं तिसऱ्यांदा दोरा फिरवला. तो बिचारा आता शिवेवरून चालताना दमत होता आणि नारळही गावात मोजकेच उरले होते. त्या आठवड्यात पाटील रोज सकाळी उंबरेवाडीच्या तोरणापर्यंत जात आणि परत येत. तोरणाचा पाला वाळून गळायला लागला होता. पलीकडे तीच वाट, तीच बाभळ, दोन हातांवर. पाऊल टाकलं असतं तर टाकता आलं असतं, पहाऱ्याला कुणी नव्हतं. पहारा होता तो पाटलांच्या स्वतःच्या शब्दाचा, आणि तो काही डुलकी घेत नव्हता. एकदा ते उभे असताना त्यांना वाटलं, धोंडीराम पण असाच उभा असेल, त्या गुरुवारी. मग ते त्या वाटेला जायचेच थांबले.

शुक्रवारी संध्याकाळी ते धोंडीरामच्या दारात गेले. आयुष्यात पहिल्यांदा.

"उद्या बायनाला आणायला जातोय," ते उभ्यानंच म्हणाले. "पोळ्याआधी रविवार हाय मधी, पन मला भरवसा वाटंना कशाचाच. माजे बैल म्हातारे हायेत. तुजी जोडी दिली तर..."

धोंडीराम बैलांना वैरण टाकत होता. त्यानं पेंढी सोडली, पसरली, हात झटकले. "जोडी दुसऱ्याच्या हाताला चालत न्हाई, पाटील. मीच येतो," तो म्हणाला. "बायना मायच्या हातावर झालेली हाय."

शनिवारी सूर्याची कड दिसली आणि सटव्यानं दोरा तोडला. गावात या पंधरा-सतरा दिवसांत दुसरं कुणी मेलं नव्हतं, म्हणून सगळे देवीला आणि पाटलांना दुवा देत होते. पाटलांनी काही ऐकलं नाही. गाडी तोरणाखालून बाहेर पडली तेव्हा त्यांना इतकं मोकळं वाटलं, की त्यांनी मोठ्यानं श्वास सोडला. धोंडीरामनं बैलांना चाबूक दाखवलासुद्धा नाही. ते आपणहून पळत होते. आत्ता मुंबईत उडालं असेल, पाटील मनात म्हणत होते. आत्ता घाट ओलांडला असेल. आता नगरच्या आसपास.

उंबरेवाडीची शिव आली आणि धोंडीरामनं कासरा ओढला. वाटेवर लिंबाच्या पाल्याचं तोरण होतं. ताजं.

पलीकडून उत्तरेश्वर धावत आले, पाटलांचे व्याही. दोन्ही हात वर करून त्यांनी गाडी थांबवली. "पाटील, तितंच ऱ्हावा. गेल्या शनिवारी रातच्याला आमच्यात दोन मान्सं गेली, तवा रविवारी उजाडता गाव बांधलं. आज सातवा दिस हाय. उद्या उजाडता सुटतंय बगा. आजची रात त्या बाभळीखाली काढा, सकाळी सुनेला घालतो गाडीत. सोमवारी पोळा, म्हंजी रविवारी चालतंय."

पाटील गाडीतून खाली उतरले. एका रात्रीचा तर प्रश्न होता. तेवढ्यात उत्तरेश्वरांच्या मागून बायना आली. पदर पोटावरून ओढून घेतलेला, पाय खरंच सुजलेले. वीस पावलांवर येऊन ती थांबली आणि हसली. "आबा, किती वाळलाव तुमी," ती म्हणाली.

आणि तेव्हा पाटलांना आठवलं की आज शनिवार आहे.

त्यांनी मावळतीकडे बघितलं. उन्हावरून वेळ होऊन गेली होती. विमान आलं नव्हतं. दक्षिणेला ढग होते खरे, पण आज कदाचित आणखी दुसऱ्या वाटेनं गेलं असेल. बायना काहीबाही सांगत होती आणि ते हूं हूं करत होते, कान दुसरीकडे. आज निघालंच नसेल. बिघडलं असेल. पडलं असेल वाटेत, डोंगरावर आपटून. पडलेलं असू दे, आई मरीआई, ते मनात म्हणाले, आणि मग त्यांना कळलं की आपण एका माणसाचं मरण मागतोय, ज्याचं नावही आपल्याला ठाऊक नाही. त्यांना स्वतःची लाज वाटली. पण मागणं काही त्यांनी मागे घेतलं नाही.

आवाज आला तेव्हा सगळ्यात आधी बैलांनी कान टवकारले.

ते आलं, ढगाच्या कडेकडेनं, उंबरेवाडीच्या घरांवरून आरपार गेलं, आणि हां हां म्हणता दिसेनासं झालं. तोरणापलीकडे जमलेल्या माणसांच्या माना वर गेल्या आणि हळूहळू खाली आल्या. सगळे पाटलांकडे बघायला लागले. उत्तरेश्वरांचा चेहरा पडला होता. निवाडा त्यांनीही ऐकला होता, दहा गावांनी ऐकला होता.

"पाटील, आता तुमीच सांगा," उत्तरेश्वर म्हणाले. "आमी तर तुमच्याच निवाड्यावर चालतो. मोडली का न्हाई?"

बायनाचं हसू गेलं. तिला काय ते समजलं होतं. तिचा एक हात पोटावर होता.

मागे धोंडीराम बैल सोडत होता. जोताचा आवाज थांबला. पाटलांनी मागे वळून बघितलं नाही.

"न्हाई मोडली," ते म्हणाले.

"पन तुमच्याकडं तर..."

"आमच्याकडं माजं चुकलं. आभाळाला कुटं शिव असती? उद्या उजाडता गाव सोडा."

उत्तरेश्वरांनी हुश्श केलं. कुणालाच आणखी सात दिवस नको होते, लगेच सगळे हो हो म्हणाले. बायना डोळे पुसत घराकडे वळली. किती सोपं गेलं ते. विमान गेल्याला तीन मिनिटंही झाली नसतील. पाटील तोरणासमोर उभे राहिले, आणि त्यांना त्या सोपेपणाचीच भीती वाटायला लागली. धोंडीरामला सोडणारे असेच दोन शब्द त्या गुरुवारीही तोंडात होते. म्हातारी जिवंत होती, वाट बघत होती, फक्त चार कोसांवर, आणि वाटेत आडवं दुसरं काही नव्हतं, फक्त पाटलांचा शब्द.

मागे जोताचा आवाज पुन्हा सुरू झाला. धोंडीरामनं बैल सोडले, बाभळीला बांधले, पाठीवरून हात फिरवला. दिवसभर दोघं त्याच सावलीत बसले. भाकरी सोडल्यावर धोंडीरामनं अर्धी पाटलांपुढे ठेवली. दुपार कलल्यावर पाटील म्हणाले, "धोंडीराम, त्या गुरुवारी..."

"बैलास्नी पाणी दावून आनतो, पाटील," धोंडीराम म्हणाला आणि उठला.

रविवारी सकाळी बायना गाडीत बसली. सासूनं ओटी भरली, दिरानं गाठोडं ठेवलं. गवतावर गोधडी, गोधडीवर बायना, मागच्या बाजूला पाटील, पुढे धुरेवर धोंडीराम. आता तो बैल पळवत नव्हता. धक्का बसू नये म्हणून प्रत्येक दगड चुकवत, पावलापावलानं नेत होता. बायना खुशीत होती. तिला सगळंच दिसत होतं, बांधावरची तिळाची फुलं, ओढ्याचं पाणी. अर्धी वाट सरल्यावर ती पुढे सरकली.

"धोंडीकाका, डोई कावून भादरलीव?"

"उवा झाल्त्या," धोंडीराम म्हणाला.

बायना हसली. "अन् छबुमायला माजा निरोप पोचला का? तेल कडवलं का तिनं?"

पाटलांनी गाडीची फळी घट्ट धरली. त्यांना वाटलं, आपण काहीतरी बोलावं, काहीही, पण त्यांच्या तोंडाला शब्द म्हणून उरला नव्हता.

धोंडीरामनं मागे बघितलं नाही. "माय खडकदेवळ्याला हाय," तो म्हणाला. "ताईकडं."

"अगंबाई. मंग यायची कवा?"

बैलांनी एक ओघळ ओलांडला. धोंडीरामनं कासरा सैल सोडला, पुन्हा ओढला.

"यील," तो म्हणाला. "शिव सुटल्याबिगर कशी यील ती? आता सुटली न्हवं, तुज्या आबानं काल सोडली. आता यील."

"हां," बायना म्हणाली, आणि गोधडीवर समाधानानं आडवी झाली. पाटलांनी पटक्याचा शेव डोळ्यांवर ओढून घेतला आणि मागच्या वाटेकडे तोंड करून बसले. गाव अजून दीड कोस होतं.